दुभत्या गायीचा भाव

जूनमधल्या दुसऱ्या शनिवारी
धाकटा भाऊ चाकणच्या बाजारात जातो
आणि गाय न घेता परत येतो.

कास चाचपतो, वेत विचारतो, दात बघतो,
हे सगळं नानांनी शिकवलेलं
(पोटासाठी त्यानं भोसरीत गिअरबॉक्स जोडले),
मग रुमालाखाली व्यापाऱ्याची बोटं धरतो,
दाबतो, सोडतो, हजारानं खाली आणतो,
आणि म्हणतो, "घरी विचारून सांगतो."
दलाल आता लांबूनच ओरडतात,
"आले बघा, विचारून सांगणारे!"

त्या दिवशी जो भाव फुटेल
तीच त्या वर्षीची शिष्यवृत्ती.

ही थोरल्याची कल्पना.
दहाव्याच्या दुपारी मुखईच्या गोठ्यात
आम्ही तिघं गव्हाणीच्या काठावर बसलेलो,
आडनावही गव्हाणेच.
कडब्याचा वास अजून गेला नव्हता.
"रक्कम ठरवून ठेवली की ती आटते," दिनकर म्हणाला,
"गाय आटली तरी पुन्हा विते."
म्हणून दरसाल एक गाय,
शेतकी कॉलेजातल्या एका पोराला.
"किंवा पोरीला," मी म्हणाले.
दोघांनी मान हलवली,
माझ्याकडे न बघता.

माहितीपत्रकही त्यानंच लिहिलं:
आदर्श पशुपालक, बावीस गायी,
तालुक्यातला पहिला गोबरगॅस,
अडलेल्या गायीपाशी रात्र रात्र उभे राहणारे,
शिक्षणाचे कैवारी.
सगळं खरं.
शेवटच्या दोन शब्दांवर माझं पेन थांबलं,
मग मी वरच्या ओळीतला
एक स्वल्पविराम तेवढा दुरुस्त केला.

यंदा औंधच्या फ्लॅटवर मुलाखतीला आली
वेल्ह्याच्या धनगरवाड्यावरची रेश्मा मरगळे,
कृषीच्या तिसऱ्या वर्षाला.
चहा समोर गार होत होता
आणि ती टेबलावर मांडलेली नानांची वेताची वही
परवानगी न घेताच चाळत होती.
शाई उडालेली, पानांना दुधाचे डाग.
चंद्री, तिसरे वेत, कालवड.
पोवळी, वार पडली नाही, डॉक्टर आणले.
मोरणी, रेतन, १२ ऑक्टोबर.

दिनकर विचारत होता, शेतीच का निवडली.
ती म्हणाली, "काका, ह्या मोरणीचं पुढचं वेत लिहिलेलं नाही."

मला ते पान पाठ आहे.
१८ जून, त्र्याऐंशी.
मोरणी विकली, रु. ४२००. दिनकरची फी भरली.
त्याखाली, जरा लहान अक्षरात:
शालनचं शेतकीचं पत्र आलं.
बस. पुढच्या पानावर वासरांचं जंताचं औषध.

रेश्मा बोटांच्या पेरांवर महिने मोजत होती.
"ऑक्टोबर ते जून, आठवा लागलेला होता की.
गाभण गाय विकली त्यांनी?
म्हणजे एकीच्या भावात दोन गेल्या."

पंखा फिरत होता.
थोरल्यानं चष्मा काढून पुसला,
घातला, पुन्हा काढला.
धाकटा उठून गॅलरीत गेला
आणि खालच्या पार्किंगकडे बघत राहिला,
जणू तिथं कोणी जनावर सोडून गेलंय.

मी चेकबुक पुढं ओढलं.
नाव लिहिलं, रक्कम अक्षरी लिहिली,
सही केली: शालन.
आडनाव घालायचं राहून गेलं,
म्हणून दुसरा चेक फाडावा लागला.

नाना वाईट नव्हते.
लग्नात मला पाडी दिली होती त्यांनी,
तिचं नाव मी कुणाला सांगितलं नाही.

रेश्मा गेल्यावर मी गॅलरीत गेले.
म्हटलं, पुढच्या साली चाकणला
गाभण गायीचा भाव विचार.
आणि रुमालाखाली
घासाघीस करू नकोस.